५० कुटुंबांची ५३ उत्तरं

आमच्या माण तालुक्यात जहाजं येत नाहीत. एरवी हे कुणाला सांगावं लागत नाही. पण गेल्या वर्षी जानेवारीत बारावीच्या एका प्रकल्पवहीत मी वाचलं, 'आमच्या गावाला लाभलेल्या विस्तीर्ण किनाऱ्यावर जहाजांतील तेलगळतीमुळे मासेमारीवर विपरीत परिणाम झाला आहे.' ज्या गावाबद्दल हे लिहिलं होतं, तिथे मार्चपासून टँकर सुरू होतो. तिथून किनारा गाठायचा तर कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्याही पुढे जावं लागतं. पोराला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"तुमच्या गावाला समुद्र आहे?"

"न्हाय सर."

"मग हे काय?"

त्याने वही हातात घेऊन ते पान वाचलं. बहुधा पहिल्यांदाच. मग म्हणाला, "पण प्रदूषण तर हाय ना सर?"

मी मुळात मराठीचा मास्तर. 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय माझ्याकडे आला तो वर्कलोड भरून काढायला. ज्युनिअर कॉलेजात या विषयाचा वेगळा शिक्षक सहसा नसतो. भूगोलवाला मोकळा असला तर भूगोलवाला, नाहीतर ज्याचे दोन तास कमी भरतात तो. पाच वर्षांपूर्वी माझे कमी भरले, आणि तेव्हापासून दर जानेवारीला माझ्या टेबलावर पर्यावरणाचा डोंगर उभा राहतो. गेल्या वर्षी त्यात १३२ वह्या होत्या. प्रत्येकीवर पारदर्शक कव्हर, आत प्रस्तावना, उद्दिष्टे, विषयाचे महत्त्व, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भ. त्याआधी ऋणनिर्देश. ऋणनिर्देशात माझ्या 'अमूल्य आणि वेळोवेळी लाभलेल्या मार्गदर्शना'बद्दल सगळ्यांनी आभार मानले होते. अकरा वह्यांत मात्र आभार दुसऱ्याच कुठल्या तरी सरांचे होते. ते सर कोण, कुठल्या कॉलेजचे, मला ठाऊक नाही. मार्गदर्शन त्यांनी खरंच केलं असावं, कारण त्या अकरा वह्या बाकीच्यांपेक्षा बऱ्या होत्या.

एका मुलीची वही अजून माझ्या कपाटात आहे. अक्षर इतकं देखणं, की लग्नपत्रिकेवरचा पत्ता तिच्याकडून लिहून घ्यावा. सातव्या पानावर, समास सोडून, शिरोरेघा एका ओळीत आणून तिने लिहिलं होतं : 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.' हे वाक्य निळ्या पेनाने होतं, बाकी सगळं काळ्या. शिवाय पट्टी धरून अधोरेखित केलेलं. मूळ पानावर निळं आणि अधोरेखित होतं, म्हणून इथेही निळं आणि अधोरेखित. चार पानांनंतर 'मित्रांनो, माहिती आवडली असेल तर शेअर करायला विसरू नका', तेही त्याच देखण्या अक्षरात.

"येथे म्हणजे कुठे क्लिक करू?" मी विचारलं.

ती ओशाळली नाही. "सर, तिथं तसंच होतं," म्हणाली.

हे वाक्य मी आधी कुठेतरी वाचलंय असं वाटत राहिलं आणि रात्री जेवताना आठवलं. जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक विनंती करून ठेवायचे, की समोरच्या पोथीत जसं दिसलं तसं मी उतरवलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. शेकडो वर्षं पोथ्या अशाच उतरल्या. आमची पोरगी त्याच परंपरेतली. फरक इतकाच, की जुन्या लेखनिकाला कुणी 'शेअर करा' म्हणत नव्हतं.

मराठीच्या मास्तराला पोथी आठवली की पाठोपाठ भांडारकर संस्था आठवते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते १९६६ साली पुरं झालं. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या १२५९ पोथ्या जमवून ताडून पाहिल्या. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९२५ पासून ज्या शिस्तीने हे काम चालवलं, तिच्यातला एक मुद्दा एम.ए.ला शिकताना मला फार आवडला होता. दोन पोथ्यांत बरोबर पाठ सारखा असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, बरोबर ते कुणीही लिहील. चूक सारखी असेल तर मात्र समजावं, की दोघी एका आईच्या लेकी. सारख्या चुकांवरून पोथ्यांची घराणी ठरतात, वंशवृक्ष काढता येतो.

मी १३२ वह्या जमिनीवर पसरल्या. बायको म्हणाली, "आता काय रद्दी काढायचीय का?" मी म्हणालो, "चिकित्सक आवृत्ती." ती आत गेली.

घराणी पटापट निघाली. जहाजवाल्यांचं एक घराणं, मूळ कोकणातलं. 'मुळा-मुठेच्या काठी वसलेले आमचे गाव' लिहिणारं दुसरं, मूळ पुण्याचं. पण एक घराणं सगळ्यात मोठं निघालं, ५८ वह्यांचं. त्याची खूण सर्वेक्षणाच्या तक्त्यात होती. 'गावातील ५० कुटुंबांना प्रश्न विचारला : आपण पाण्याचा पुनर्वापर करता का? होय ३२, नाही २१.' बेरीज करून बघा. ५० कुटुंबांनी ५३ उत्तरं दिली होती. ५८ गावांतल्या ५८ पोरांनी दारोदार फिरून प्रत्येक ठिकाणी नेमकी तीन कुटुंबं जास्तीची शोधली होती. पाय चार्टसुद्धा काढला होता. रंगीत.

आता मूळ पोथी शोधायची. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याच्या काचेवर 'सर्व प्रोजेक्ट मिळतील' अशी पाटी आहे आणि तो ती लपवत नाही. म्हणालो, "ते पाणी पुनर्वापराचं कुठून आलं तुझ्याकडे?" त्याने संगणकात एक फोल्डर उघडलं, त्यात दुसरं, त्यात तिसरं. मग एक फाइल दाखवली. तारीख पाच वर्षांपूर्वीची. पहिल्या पानावर माझं नाव.

खरं तर विसरलो होतो. पहिल्या वर्षी पोरांना 'प्रकल्प कसा असतो' हे कळावं म्हणून मी नमुना दिला होता. तो मी आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या एका मित्राकडून पेनड्राइव्हवर आणला होता. त्याने कुठून आणला हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारायची हिंमत होत नाही. तक्त्याची बेरीज मी तेव्हा केली नव्हती. मी मराठीचा.

झेरॉक्सवाला म्हणाला, "चांगला चालतो सर तुमचा."

त्यानंतर पोरांवर ओरडताना आवाज जरा खाली यायला लागला. आणि मग जुनं आठवायला लागलं. सातवीत मला निबंध आला होता, 'पावसाळ्यातील एक दिवस'. आमच्या इथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मर्जीने. मी लिहिलं, की सकाळी काळा ढग आला, आबांनी बैल सोडले नाहीत, आई वाळवण घेऊन आत पळाली, आम्ही दिवसभर ओसरीत बसून ढगाकडे बघितलं आणि चारच्या सुमारास ढग साताऱ्याकडे गेला. गुरुजींनी दहापैकी तीन दिले आणि खाली लाल शाईने लिहिलं : 'पाऊस पडला पाहिजे.' पुढच्या वेळी मी गाइडमधून पाऊस आणला. धो-धो, मुसळधार, टपोऱ्या थेंबांचा, मोरासकट. दहापैकी आठ. दहावीपर्यंत माझ्या निबंधांत इतका पाऊस पडला, की तालुक्याचा प्रश्न सुटायला हवा होता.

म्हणजे बघा, पहिलीपासून बारावीपर्यंत आम्ही पोराला सांगतो, पुस्तकातलंच लिही, पुस्तकातल्याच शब्दांत लिही, शब्द बदललास तर मार्क जातील. मग '२१ अपेक्षित' आणून देतो. मराठीत 'गाइड' हा एकच शब्द दोघांना चालतो, दहावीत ते पुस्तक असतं आणि पीएच.डी.ला ते दोन पायांवर चालतं, पण दोन्हींकडून अपेक्षा तीच. आणि एक दिवस अचानक प्रकल्पाच्या सूचनांत छापतो : 'स्वतःच्या शब्दांत लिहा.' पोरगं गडबडतं. स्वतःचे शब्द म्हणजे नक्की कुठल्या वेबसाइटवर?

कॉपीची आपली व्याख्याही जरा गमतीची आहे. फेब्रुवारीत कॉपीमुक्त अभियान येतं, भरारी पथक येतं, मोज्यातून बोटभर चिठ्ठी काढली तर पोराचं वर्ष जातं. त्याच पोराने जानेवारीत चाळीस पानं जशीच्या तशी उतरवून आणली, त्यावर मी लाल शाईने 'उत्तम' लिहून सही केलेली असते. चिठ्ठी पाठ न झालेल्या उत्तराची असते, म्हणजे तीही कुठून तरी उतरवलेलीच. फक्त आकार छोटा, म्हणून गुन्हा.

वरच्या वर्गांत आता टक्केवारी आली आहे. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्यासाठी पायऱ्या ठरवून दिल्या. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून आणा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. सलग १४ शब्दांपर्यंत योगायोगाने जुळलं तर ते धरायचं नाही, ही सूट मात्र मराठी प्रस्तावनाकारांना वाचवून गेली. 'मला हे पुस्तक वाचकांच्या हाती देताना अत्यंत आनंद होत आहे', मोजा, दहाच भरतात. चोरी प्राध्यापकाची निघाली आणि ४० टक्क्यांच्या वर गेली तर त्याची वेतनवाढ रोखतात. या एका कलमाने स्टाफरूममध्ये जेवढं गांभीर्य आलं तेवढं नीतिमूल्यांवरच्या तीन कार्यशाळांनी आलं नव्हतं.

माझा एक मित्र संतसाहित्यावर पीएच.डी. करतोय. टंकलेखकाने अवतरणचिन्हं गाळली आणि सॉफ्टवेअरने त्याच्या एका प्रकरणाला लाल रंग फासला. तक्रार काय, तर उमेदवाराचे शब्द तुकारामांशी जुळतात. मित्र म्हणाला, "एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं."

तुकोबांना हा प्रकार नवा नाही. त्यांच्या हयातीतच सालोमालो नावाचे एक गृहस्थ त्यांचे अभंग घेऊन शेवटी स्वतःची नाममुद्रा लावत, अशी कथा आहे, आणि तुकोबांनी त्याबद्दलचा संताप अभंगात नोंदवून ठेवलाय. तेव्हा सॉफ्टवेअर नव्हतं, म्हणून चोराचं नाव साडेतीनशे वर्षं टिकलं. उलटा प्रकारही आपल्याकडे जुना. आपली रचना, पण शेवटी 'तुका म्हणे'. दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवण्यापेक्षा आपलं दुसऱ्याच्या नावावर खपवणं मराठी माणसाला जास्त जमतं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी कुणी तरी काही तरी लिहितो आणि खाली पु. ल. देशपांडे असं घालतो. पु. ल. २००० साली गेले, त्यांच्या लेखनाचा वेग त्यानंतर वाढला.

तर गेल्या जूनमध्ये मी वर्गात जाहीर केलं, की या वर्षी जशाच्या तशा उतरवलेल्या वहीला शून्य. वर्ग शांत झाला. ही शांतता पश्चात्तापाची असेल असं मला वाटलं. ती नियोजनाची होती.

ऑगस्टमध्ये कच्चे मसुदे आले. एकही वाक्य कशाशी जुळत नव्हतं. कसं जुळेल? मराठी उतारा मोबाइलमध्ये घालून इंग्रजी करायचा, इंग्रजीचा पुन्हा मराठी, की माल नवाकोरा. एकाने लिहिलं होतं, 'आमच्या शिवारात दोन पाझर रणगाडे असून एका रणगाड्याला गळती लागली आहे.' पाझर तलावाच्या टँकचं सैन्यात प्रमोशन झालं होतं. पाणलोटाची 'पाण्याची शेड' झाली होती. चेक डॅमचं 'तपासणी धरण'. धरण कशाची तपासणी करतं हे त्यात दिलं नव्हतं.

रणगाडेवाला पोरगा शेवटच्या बाकावरचा. त्याच्या मसुद्यात पुढे 'सलग समपातळी चर हे मृदा संवर्धनाचे एक प्रभावी साधन असून' असं अर्धं पान होतं. मी वैतागून विचारलं, "चर बघितलायस का कधी?"

"खांदलाय सर."

"कधी?"

"वॉटर कपला. पाचवीत व्हतो."

आमच्या तालुक्यातल्या टाकेवाडीने २०१८ साली वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिला नंबर मारला, आणि त्या उन्हाळ्यांत आसपासच्या कितीतरी गावांची माणसं पहाटे टिकाव-फावडी घेऊन डोंगरावर जायची. हा त्यातला. म्हणालो, "सांग बरं कसा खणायचा." तो उठून पुढे आला आणि फळ्याजवळच्या मोकळ्या फरशीवर पायाने आखायला लागला. दोन फूट रुंद, एक फूट खोल. आधी हायड्रोमार्करने पातळी घ्यायची, नाहीतर चर एका बाजूला कलतो आणि पाणी तिकडंच पळतं. माती खालच्या अंगाला टाकायची. वरच्या अंगाला टाकली तर पहिल्याच पावसात ती पुन्हा चरात. त्याच्या चुलत्याने अशी वर टाकली होती आणि सगळ्या गावाने त्याला शिव्या घातल्या होत्या. एक चर खडकावर गेला तो तसाच सोडला, तिथे आता कोल्हा बसतो. दहा मिनिटं तो बोलला आणि वर्गाने ऐकलं. वर्ग ऐकतो ही घटना माझ्या तासाला दुर्मीळ आहे.

"अरे, मग हे का नाही लिहिलंस?"

तो खरोखर चकित झाला. "हे प्रकल्पात चालतं व्हय सर?"

मी गप्प बसलो. गुरुजींची लाल शाई मला अजून दिसते.

तोवर दुसरा पूर आलाच होता. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला जगासाठी खुलं झालं. आमच्याकडे ते पोचायला एसटीएवढा वेळ लागला, पण पोचलं. एका वहीची सुरुवात अशी : 'नक्कीच! खाली तुमच्यासाठी सविस्तर प्रकल्प दिला आहे.' शेवट असा : 'यात आणखी काही बदल हवे असल्यास जरूर सांगा.' मी खाली लिहिलं, 'हवे आहेत.' दुसऱ्या एकीच्या संदर्भसूचीत चक्क पुस्तकं होती. आजवर संदर्भात मी 'गुगल', 'इंटरनेट', आणि एकदा 'मोठा दादा' एवढंच वाचलं होतं. इथे लेखक, शीर्षक, प्रकाशन, साल, सगळं. त्यात माणदेशातल्या विहिरींवरचं एक चारशे पानी पुस्तक होतं. मी हरखलो. आमच्या ग्रंथपालांना चिठ्ठी दिली. त्यांनी तीन दिवस रजिस्टर चाळलं, साताऱ्याला फोन केला, पुण्याच्या दोन दुकानांत विचारलं. असं पुस्तक नाही, लेखक नाही, प्रकाशनही नाही. यंत्राला पुस्तक आठवलं नाही, तेव्हा त्याने असायला हवं होतं असं एक लिहून टाकलं. मला राग आला नाही, वाईट वाटलं. ते पुस्तक खरंच असतं तर मी पदरमोड करून घेतलं असतं.

मग ठरवलं, इंटरनेट वापरू नका म्हणायचं नाही. पोरांच्या हातातून मोबाइल काढणं म्हणजे बैलाच्या नाकातून वेसण काढणं, पुढचं आपल्या हातात राहत नाही. वापरा, पण चौकशी करून. चौकशी कशी, हे समजावताना मी आधी स्टॅनफर्डचा दाखला दिला. तिथल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास मांडला. १० इतिहासकार, १० फॅक्ट-चेकर आणि २५ विद्यार्थी घेतले, त्यांना अनोळखी वेबसाइटी दाखवल्या आणि विचारलं, विश्वास ठेवाल का? विद्वान आणि विद्यार्थी पान वरून खाली वाचत बसले, बोधचिन्ह आणि मांडणी बघून फसले. फॅक्ट-चेकर पानावर थांबलेच नाहीत. त्यांनी बाजूला नवं टॅब उघडलं आणि या साइटबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी बघितलं. वर्गाला जांभई आली.

मग म्हणालो, "तुमच्या ताईला स्थळ आलं तर काय करता?"

जांभई थांबली.

बायोडाटा येतो. त्यात मुलगा निर्व्यसनी, बागायत सहा एकर, पुण्यात कंपनीत मोठ्या पोस्टवर. तो बायोडाटा आपण दहादा वाचत बसतो का? एकदा वाचून बाजूला ठेवतो आणि त्या गावात दिलेल्या मावशीला फोन लावतो. मामा बाजाराच्या दिवशी जाऊन चहाच्या टपरीवर बसतो. बागायत सहा एकर आहे का, हे बायोडाट्यावरून नाही, सातबाऱ्यावरून ठरतं. वेबसाइटवरचं 'आमच्याविषयी' हे पान म्हणजे बायोडाटा. तिथे स्वतःला व्यसनी कुणी लिहीत नाही. नवं टॅब म्हणजे मावशी. एका मुलीने हात वर केला, "आणि विकिपीडिया सर?" म्हणालो, विकिपीडियाच्या प्रत्येक पानावर 'इतिहास' म्हणून एक बटण असतं, ते दाबा. कुणी कधी काय बदललं, सगळं दिसतं. म्हणजे फेरफार. आणि खालचे संदर्भ उघडून बघा, वारस खरे आहेत का ते. आपल्या जिल्ह्यातच वाईला मराठी विश्वकोश घडला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला. आता तो मोबाइलवर फुकट आहे आणि नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. नाव असलं की जाब विचारता येतो. मुलींना हे सगळं दोन मिनिटांत कळलं. मुलं जरा अस्वस्थ झाली, त्यांचे बायोडाटे अजून व्हायचे आहेत.

प्रकल्पाचा विषय मी बदलला. त्या नसलेल्या पुस्तकाचाच दिला : तुमच्या घरच्या, भावकीच्या किंवा वाडीतल्या एका विहिरीची माहिती. कुणी खणली, किती खोल, पाणी कुठल्या महिन्यात जातं, बहात्तरच्या दुष्काळात तिचं काय झालं. किमान दोन माणसांना विचारायचं, दोघांचं जुळलं नाही तर तसंच लिहायचं. जालावर काही मिळालं तर तेही घ्या, पण कुठून घेतलं ते लिहा.

पंधरा दिवसांनी झेरॉक्सवाला स्वतः कॉलेजात आला. "सर, विहिरीचा एखादा नमुना द्या की. पोरं मागत्यात."

"नमुना नाही."

"एक तरी विहीर द्या सर. बाकीच्या मी करतो."

जानेवारीत वह्या आल्या. सगळ्याच बऱ्या होत्या असं नाही. सात विहिरींची खोली अगदी सारखी होती, आणि एका विहिरीत मला तेलगळतीचा वास आला. पण संदर्भसूच्या वाचण्यासारख्या झाल्या होत्या. 'तात्या, वय ७४, पारावर, दोन वेळा. पहिल्या वेळी बोलले नाहीत.' 'विहिरीच्या काठावरचा दगड. साल खोदलेलं आहे पण शेवटचा आकडा झिजलाय.' 'आई. तिने आजोबांकडून ऐकलं, आजोबा आता नाहीत, म्हणून खात्री नाही.' एवढी प्रामाणिक तळटीप मी विद्यापीठाच्या प्रबंधांतही फार बघितलेली नाही.

आणि मग तीन वह्या एकीखाली एक निघाल्या. तिन्हींत संदर्भ एकच : 'आजी, वय ८१.' तिन्हींत विहीर सात परस, तिन्हींत बहात्तरला आजी खडी फोडायला गेलेली, तिन्हींत सुकडीची चव आजीला अजून आठवते. माझ्यातला सुखटणकर जागा झाला. तिघांना उभं केलं.

"तिघांची आजी एकच कशी?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मग मुलगी म्हणाली, "आम्ही चुलत भावंडं हाय सर. हा धाकट्या काकांचा, आन् ह्यो आत्याचा."

आडनावं बघितली. दोन सारखी, एक वेगळं. मी वह्या पुन्हा उघडल्या. विहीर कधी खणली, या प्रश्नाला एकीत १९६५, दुसरीत १९७१, तिसरीत 'दुष्काळाच्या आदल्या साली, किंवा मोठ्या म्हशीच्या वेळी'. म्हशीचं साल दिलेलं नव्हतं.

"साल तिघांचं वेगळं का?"

"आजीनं येगळं येगळं सांगितलं सर. आन् तिनं निरोप दिलाय, सरांना म्हणावं, मार्क टाकायच्या आधी एकदा येऊन हीर बघून जा."

रविवारी गेलो. विहीर सात परस आहे, पाणी फेब्रुवारीपर्यंत टिकतं, चहा गुळाचा होता. आजीने मला चौथं साल सांगितलं.